जोड्याआधी जमीन

बूट विकत घेताना आपण तो वरून बघतो. रंग, पट्टे, कंपनीची खूण आणि शेवटी किमतीची चिठ्ठी. मोची वरून बघतच नाही. यवतमाळात मी ज्यांच्याकडे जातो ते जोडा हातात आल्याबरोबर पालथा करतात, अंगठ्याने टाच दाबतात आणि मान वर करून विचारतात, "कुठी चालता भाऊ तुम्ही?" वजन किती, रोज किती किलोमीटर, यातलं काही नाही. चालता कुठं, एवढंच.

व्यायामाच्या बुटांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक व्यायामाच्या नावापासून सुरू होतं. धावण्याचे, चालण्याचे, जिमचे. ज्या देशांत हे बूट आखले गेले तिथं ते खपून जातं, कारण तिथला धावणारा डांबरावर किंवा बागेतल्या आखीव वाटेवर धावणार हे गृहीत असतं. आपल्याकडचा मुलगा घरासमोरच्या सिमेंटवरून निघतो, पांदणीच्या मुरमावर येतो, धुऱ्याधुऱ्याने शाळेच्या मैदानावर पोहोचतो आणि परत येताना डांबरी रस्ता धरतो. अर्ध्या तासात पायाखालून चार जमिनी जातात, पायात जोडा एकच. म्हणून मीही मोचीच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टवर वसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांची झीज होत होत ही काळी माती झाली. (पूर्वेला वणीकडे गेलात की गोष्ट बदलते, तिथं कोळसा आणि चुनखडी.) या मातीतला चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळतो. कपाशीला ते मानवतं. पळणाऱ्याला मात्र ही माती वर्षातून दोनदा दगा देते. मे महिन्यात भेगेच्या काठावर पाऊल वाकडं पडतं आणि घोटा मुरगळतो. जुलैत काय होतं ते एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे.

खोल खाचांचा, ट्रेकिंगचा म्हणून विकला जाणारा बूट घाला आणि ओल्या वावरात उतरा. चार-पाच पावलांत सगळ्या खाचा मातीने भरतात. दहाव्या पावलाला तळ सपाट होतो, म्हणजे ज्या पकडीसाठी पैसे मोजले ती गेली. पुढच्या दहा पावलांत कडेने माती बाहेर येऊ लागते आणि विसाव्या पावलाला पायाखाली ज्वारीच्या भाकरीएवढा थर घेऊन आपण चालत असतो. आता हिशोब बघा. बुटाचं वजन दर पायाला शंभर ग्रॅमने वाढलं तर धावताना शरीराला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. इथं तर एकेका पायाला अर्धा किलो चढलेला असतो. खाचा नुसत्या खोल असून उपयोग नाही, त्या एकमेकींपासून लांब हव्यात, म्हणजे पाऊल उचललं की माती सुटून पडते. फुटबॉलच्या बुटाचे गट्टू लांब लांब असतात ते याच कारणाने. पण खरं सांगायचं तर पावसाळ्यातल्या काळ्या मातीवर कोणत्याही कंपनीचं काही चालत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत वावराची वाट सोडावी आणि मुरमावर किंवा रस्त्यावर यावं.

पाऊस संपला की दुसरे शत्रू. कुसळं, सराटे आणि बाभळीचे काटे. आजकालच्या धावण्याच्या बुटांचा वरचा भाग जाळीचा असतो, हवा खेळावी म्हणून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतातून एक फेरी मारा, कुसळं त्या जाळीतून मोज्यात आणि मोज्यातून कातडीत उतरतात. घरी येऊन मोजा उलटा करून एकेक उपटत बसायचं. सराटा तळाच्या रबरात रुततो, तो निदान दिसतो. बाभळीचा काटा दिसत नाही. बुटाच्या तळात जो जाड, पांढरा, हलका फोम असतो त्याला दुकानात ईव्हीए म्हणतात. तो हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांनी भरलेला असतो म्हणून मऊ लागतो, आणि म्हणूनच बाभळीच्या काट्याला तो लोण्यासारखा असतो. वजन वाचवण्यासाठी बऱ्याच बुटांत या फोमखाली रबर फक्त टाचेला आणि चवड्याला लावतात, मध्ये फोम उघडाच. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, धुऱ्यावर बिघडतं. आपल्या आजोबांची टायरची चप्पल जड होती, पायाला लागायची, पण काटा तिच्यातून वर येत नसे. तेव्हा पांदणीने, धुऱ्याने पळणाऱ्याने बूट पालथा करून एवढं जरूर बघावं की रबर टोकापासून टाचेपर्यंत सलग आहे का, आणि वरची जाळी बारीक विणीची आहे का.

मुरूम ही त्या मानाने सज्जन जमीन. थोडी दबते, पाणी सोडते, फक्त वरचे खडे सुटे असतात. त्यावर उथळ, बारीक खाचांचा तळ छान धरतो. अगदी गुळगुळीत तळ घसरतो आणि खोल खाचांत खडे अडकून बसतात. डांबर आणि सिमेंट यांच्याबद्दल मैदानावर रोज वाद ऐकू येतो. सिमेंटने गुडघे जातात, डांबर बरं, वगैरे. सिमेंट जास्त कठीण आहे हे खरं, पण शरीर तितकं भोळं नाही. जमीन कठीण लागली की पाय आपोआप गुडघ्यातून थोडा जास्त वाकतो, मऊ लागली की थोडा ताठ राहतो, आणि दणका बराचसा सारखाच ठेवतो. यावर चांगले प्रयोग झालेले आहेत. गुडघ्याला जास्त त्रास होतो तो रोज त्याच रस्त्याच्या त्याच कडेने पळण्याचा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. सदा एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो. वाहनांकडे तोंड ठेवून उजव्या कडेने पळण्याचा नियम बरोबरच आहे, तो मोडू नका. फक्त आठवड्यातले दोन दिवस सपाट मैदानाला द्या.

आता मैदानाकडेच येऊ. पोलीस भरतीचं वारं सुटलं की पहाटे पाचला नेहरू स्टेडियम, पोस्टल ग्राऊंड आणि तालुक्यातालुक्यातली मैदानं भरून जातात. पुसद, दिग्रस, वणी, उमरखेड, सगळीकडे हेच चित्र. शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं. खोली करून राहतात, एका डब्यात दोघं जेवतात आणि बुटासाठी पैसे साठवतात. व्यायामाच्या बुटाचा इतका गंभीर विचार करणारा दुसरा वर्ग या जिल्ह्यात नाही, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. गोळा मुलांना ७.२६ किलोचा, मुलींना ४ किलोचा. १६०० मीटरचे पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरहून जास्त वेग, आणि त्यात सुमारे साडेनऊशे ते हजार पावलं. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच पट भार जमिनीवर पडतो. साठ किलोचा मुलगा म्हणजे दर पावलाला दीडशे किलो.

बुटाच्या दृष्टीने बघितलं तर या तीन चाचण्यांचं एकमेकींशी जमत नाही. १६०० मीटरला हलका, थोडा उसळी देणारा जोडा हवा. १०० मीटरला टाच जवळजवळ टेकतच नाही, सगळं काम चवड्याचं, तिथं पातळ आणि ताठ तळ हवा. गोळाफेकीत मागच्या पायाने जमीन ढकलून जोर कमरेतून खांद्यात आणायचा असतो. तिथं मऊ फोम म्हणजे गादीवर उभं राहून गोळा फेकणं, अर्धा जोर गादीच खाते. मोठ्या स्पर्धांतल्या गोळाफेकपटूंचे बूट बघा, तळ कठीण आणि गुळगुळीत असतो. भरतीच्या दिवशी मात्र पिशवीत तीन जोड घेऊन जाणारा उमेदवार मी तरी पाहिलेला नाही.

"सर, स्पाईक घेऊ का?" हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला आठवड्यातून चार वेळा ऐकावा लागतो. स्पाईक म्हणजे चवड्याखाली धातूच्या पिना असलेला जोडा. सिंथेटिक ट्रॅकवर सहा-सात मिलिमीटरच्या पिना चालतात, मातीच्या ट्रॅकला त्याहून लांब लागतात. आपली मैदानं बहुतेक मुरूम दाबून केलेली. उन्हाळ्यात ती अशी टणक होतात की पिना आत शिरतच नाहीत आणि पळणारा खिळ्यांवर उभा असल्यासारखा होतो. शिवाय स्पाईकमध्ये टाच खाली राहते, पोटरीवर सगळा ताण येतो. ज्याने दोन-तीन महिने सवय केलेली नाही त्याची पोटरी तिसऱ्या फेरीत धरते. त्या त्या भरतीत स्पाईक चालतात की नाही हे आधी सूचनापत्रात वाचावं, ती गोष्ट वेगळीच.

माझा सल्ला साधा आहे. पैसे एकाच जोडाचे असतील तर मध्यम जाडीच्या, फार मऊ नसलेल्या, हलक्या बुटाला द्या. अंगठ्याने टाचेचा फोम दाबा. दबून लगेच वर आला पाहिजे, पण अंगठा आत बुडता कामा नये. दोन जोडांची ऐपत असेल तर जाड जोडा रोजच्या लांब पळण्याला आणि पातळ, हलका जोडा आठवड्यातून दोनदा, वेगाच्या फेऱ्यांना. परीक्षेला तोच हलका. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कोरे बूट घेणारे दर भरतीत सापडतात, त्यांना काय सांगावं! चौथ्या फेरीत टाचेला फोड, निकालाच्या दिवशी अंगठ्याचं नख काळं.

आणखी एक तक्रार या मुलांची ठरलेली असते. "नडगी दुखते, जोडा खराब निघाला." बहुतेक वेळा जोडा निरपराध असतो. जाहिरात येईपर्यंत पोरगं दोन किलोमीटर पळत असतं, जाहिरात आली की दुसऱ्या दिवसापासून आठ. स्नायू आणि हाडं इतक्या झपाट्याने तयार होत नाहीत, नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. नव्या बुटाने तो थोडा लपेल, जाणार नाही. अंतर कमी करून हळूहळू वाढवलं की जातो.

वनरक्षकाच्या भरतीचं गणित निराळं. तिथं मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावायचं असतं, आणि निवड होताना चालण्याचीही परीक्षा असते. पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर, महिलांना तेवढ्याच वेळात १६. पंचवीस किलोमीटर म्हणजे तीस हजारांच्या वर पावलं. इथं जोड्याच्या हलकेपणाला काही किंमत नाही. बोटांना पुढे मोकळी जागा आणि टाचेला घट्ट पकड, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून. नाडी कशी बांधली यावर सुद्धा. बुटाला घोट्याजवळ जे सगळ्यात वरचं जादा भोक असतं ते आपण वापरतच नाही. त्यातून नाडी परत त्याच बाजूला ओवून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून काढा आणि मग ओढा. टाच जागची हलत नाही, उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. फुकटची युक्ती आहे, आणि महागड्या बुटाइतकीच कामाची.

अनवाणी का नको, असं विचारणारेही असतात, आणि त्यांच्याकडे उदाहरणं असतात. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या आणि जिंकलेल्या लता करे महाराष्ट्राला माहीत आहेत, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण बिकिलाने तसाच अनवाणी सराव केलेला होता आणि तिथं मिळालेले नवे बूट त्याला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. लताबाई धावल्या त्या नवऱ्याच्या औषधपाण्याची सोय व्हावी म्हणून. त्यातून बुटाबद्दलचा नियम काढायला जाऊ नये. लहानपणापासून वावरात अनवाणी वाढलेल्या पायाचा तळवा जाड आणि बोटं पसरट असतात, त्याला मैदानावर अनवाणी पळणं जमतं. पंधरा वर्षं शाळेच्या काळ्या बुटात काढलेल्या पायाने एका आठवड्यात तसं करू नये.

आपले बहुतेक देशी खेळ अनवाणीच वाढले. कुस्ती, कबड्डी, खो-खो, मल्लखांब. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथं आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली, कबड्डी त्यात होती. गंमत अशी की त्याच ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली आणि त्याच्या पायात जर्मनीतल्या डासलर बंधूंच्या छोट्या कारखान्यातले स्पाईक होते. पुढे हे भाऊ भांडले, वेगळे झाले, एकाची आदिदास झाली, दुसऱ्याची पुमा. मातीवरची अनवाणी कबड्डी आणि जगातला बुटांचा एक मोठा धंदा, दोन्ही एकाच वेळी एका शहरात होते आणि दोघांना एकमेकांची गरज नव्हती.

ती गरज मॅटने आणली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली, २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरात दिसू लागली आणि आता तालुक्याच्या स्पर्धेलाही मॅट अंथरतात. मातीवर पाय थोडा घसरतो, तो घसरणंच गुडघ्याला वाचवतं. मॅटवर पाय रुतून बसतो आणि वरचं शरीर फिरतं. म्हणून मॅटवरच्या कबड्डीच्या बुटाचा तळ पातळ, पायाबरोबर वाकणारा आणि बाजूंनी वर चढलेला असतो. पळण्याचे बूट घालून मॅटवर चढाईला जाणाऱ्या पोरांकडे बघून माझ्या पोटात गोळा येतो.

त्याचं कारण मला स्वतःच्या घोट्याने शिकवलं आहे. काही वर्षांपूर्वी हौसेने बॅडमिंटन सुरू केलं. घरात धावण्याचे चांगले, जाड तळाचे बूट होते, तेच घातले. चौथ्या दिवशी उजवीकडे झेप घेतली, पाऊल थांबलं, फोम आणखी दोन बोटं दबला आणि घोटा त्यावरून बाहेर गडगडला. तीन आठवडे पाटावर पाय. धावणं सरळ रेषेत असतं, त्यामुळे धावण्याचा बूट पुढे-मागे आखलेला असतो. तळ उंच, मऊ, टाचेकडे जाड. बॅडमिंटनमध्ये निम्मी पावलं बाजूला पडतात. तिथं तळ बुटका, रुंद आणि पिवळसर गम रबरचा हवा, जो लाकडी फरशीला चिकटून राहतो आणि डाग पाडत नाही. दुकानात 'नॉन-मार्किंग' म्हणून मागितलं की मिळतो. टेनिस, बास्केटबॉल, टेबल टेनिस, सगळ्यांना हाच न्याय थोड्या फरकाने. व्हॉलीबॉल आपल्या गावांत मातीवर खेळतात, तिथं गम रबर धुळीने घसरतं. परत जमीनच आली बघा.

जिमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खांद्यावर वजन घेऊन बैठका मारणाऱ्याने मऊ बूट काढून ठेवावेत. सपाट, कठीण तळाचा साधा कॅनव्हासचा बूट त्याला जास्त चांगला. दोरीवरच्या उड्यांना चवड्याखाली थोडा फोम लागतो. सूर्यनमस्काराला काहीच लागत नाही.

आता नंबर. आपण आठ नंबर, नऊ नंबर म्हणतो ते इंग्लंडचं माप. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. पण नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही, आणि आपलं दुखणं तिथंच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय, अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात, असं त्यातून निघालं. बूट मात्र त्यांच्याच साच्यांवर बनतात. मग आपण काय करतो? चवड्याला आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. चवडा सुटा होतो, पण बूट लांबीला जास्त होतो, टाच आत वर-खाली होते आणि आपण नाडी करकचून बांधतो. सात नंबरच्या पायात आठ नंबरचा जोडा घालून हिंडणारे लोक या जिल्ह्यात किती असतील कोण जाणे. काही कंपन्या त्याच नंबरात रुंद साचा देतात, तो मागून बघावा.

बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो, पळतानाही फुगतो. पळताना जे मोजे घालता तेच घालून जा. दोन्ही पायांत घाला, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते बघा. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट पुढे असतं. मग बुटाची टाच धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथं आपली बोटं वाकतात तिथं. मधोमध वाकणारा बूट परत ठेवा.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत एक यंत्र असतं. त्यावर उभं केलं की पायाचा रंगीत नकाशा दिसतो आणि तुमचं पाऊल आत झुकतं की बाहेर हे सांगून त्याप्रमाणे महागडा जोडा काढून देतात. घरी ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवून हाच खेळ करता येतो. कमान उंच असेल तर ठसा मधे तुटका येतो, सपाट असेल तर भरलेला. दिसायला हे फार शास्त्रीय. अमेरिकन सैन्याने हजारो नव्या सैनिकांवर याची परीक्षा घेतली. अर्ध्यांना पायाच्या कमानीप्रमाणे बूट दिले, अर्ध्यांना कमान न बघता सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांत दुखापती जवळजवळ सारख्याच झाल्या. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी उभं आयुष्य या विषयात घालवलं. २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं ते थोडक्यात असं, की चार जोड घालून बघा, पायाला जो सगळ्यात सुखाचा वाटतो तो घ्या. दुकानात दहा पावलं चालून हे कळत नाही. दुकानदाराला विचारून बाहेरच्या फरशीवर जरा पळून यावं. आपल्याकडे लाज वाटते. हजार-दोन हजार देताना वाटत नाही, पळून बघताना वाटते!

साखरेच्या दुखण्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे त्यांचा मामला वेगळा आहे, आणि तिथं 'सुखाचा वाटतो तो घ्या' चालत नाही. मधुमेहाने पायाची जाणीव कमी होते. बूट चावतोय हे कळतच नाही. आत खडा असला, सराटा टोचून राहिला, मोज्याची शिवण घासली, तरी संध्याकाळी मोज्यावरचा डाग दिसेपर्यंत पत्ता नसतो. अशांनी बूट घालण्याआधी दररोज हात आत घालून फिरवावा. पाय रोज बघावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून. अनवाणी प्रदक्षिणा एप्रिल-मेमध्ये टाळावी. इथं पारा ४५ च्या वर जातो आणि देवळाच्या फरशीवर तळवा भाजला तरी कळत नाही. बुटाची पुढची बाजू उंच आणि रुंद हवी, बोटांवर काही टेकता कामा नये. चालण्याचा बूट पळण्याच्या बुटापेक्षा कमी मऊ असला तरी चालतो, कारण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो आणि भार वजनाच्या सव्वापटीपुढे फारसा जात नाही. साडी नेसून, स्लिपरवर फिरायला जाणाऱ्या काकू-मावशींना मी एवढंच म्हणतो की बूट नकोसा वाटत असेल तर मागे पट्टा असलेली सँडल तरी घाला. स्लिपर पायात टिकवण्यासाठी बोटं सतत आकडून धरावी लागतात, आणि टाचदुखीच्या तक्रारी घेऊन येतात त्यातल्या बऱ्याच जणी स्लिपरवरच्याच असतात.

जोडा किती दिवस टिकतो? पळण्याच्या बुटाचं आयुष्य पाचशे ते आठशे किलोमीटर धरतात. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्याला तो तीन ते पाच महिने पुरतो. तळ घासला नाही म्हणजे बूट चांगला आहे असं समजू नका, आतला फोम आधी मरतो. बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या रेषेत बघा. तो एका बाजूला कलला असेल, फोमवर आडव्या सुरकुत्या पडून त्या दाब काढल्यावरही तशाच राहत असतील, तर त्याचं पळणं संपलं. टाचेची बाहेरची कड आधी झिजणं मात्र साहजिक आहे. बहुतेकांचं पाऊल तिथंच आधी टेकतं. आपलं इथलं ऊन बुटाचा आणखी एक वैरी. मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या जोड्याचा फोम आकसतो आणि डिंक सुटतो. उलट फार जपून माळ्यावर ठेवला तरी गत तीच. काही बुटांचा तळ पॉलीयुरेथेनचा असतो, तो हवेतल्या ओलाव्याने न वापरताच आतून कुजतो. लग्नात घेतलेला जोडा सहा वर्षांनी काढून घातला आणि मंडपात पोहोचेपर्यंत तळाचा भुगा झाला, असं घडतं ते यामुळे.

परवा मोचीकडे बसलो होतो. भरतीतून बाहेर पडलेला एक मुलगा आला. जुना पळण्याचा जोडा, फोम बसलेला, वरची जाळी अजून धड. त्याला त्याखाली टायरचं रबर लावून हवं होतं. "पळायला नाही जमणार ना बापू, जड होईन," मोची म्हणाले. "पळतो कुठी आता," मुलगा म्हणाला. "रात्रीची लाइन असते, ओलिताले जा लागते. काट्याले पुरला म्हणजे झालं." मोचींनी जोडा पालथा केला, टायरच्या पट्टीवर ठेवला आणि खडूने कडेकडेने रेघ ओढायला घेतली.